सुटलेला सांधा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र गेल्या महिन्यात आले. शाळेची स्थापना, वसतिगृहाची पहिली खोली, पत्र्याच्या शेडमध्ये भरलेले वर्ग, निकालाची वाढत गेलेली टक्केवारी या सर्वांवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे सहकारी आणि माजी विद्यार्थी आहेत. मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा मीही तेच लिहीन, अशी मंडळाची अपेक्षा असावी. परंतु गेले वर्षभर माझ्या मनात घोळत असलेली गोष्ट निराळी आहे. ती माझ्या घरातील माशांच्या गळक्या टाकीची आहे. विषय घरगुती आणि क्षुल्लक वाटेल; तरीही त्याचा एक धागा आपल्या शाळेपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या वर्षी वर्षावास सुरू होऊन आठवडाच झाला होता. पहाटे उठून बैठकीच्या खोलीत आलो तर टाकीच्या स्टँडखालची फरशी ओली लागली. पावसाळी हवेत काचेवर दव धरते, तेच ओघळले असेल, असे समजून मी फडके फिरवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल दिसली. मग टाकीच्या चारही बाजूंना जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या आणि काचेवर पेनने पाण्याच्या पातळीची खूण केली. सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यातला कागद भिजून फुगला होता आणि पाणी खुणेच्या खाली अर्धा सेंटिमीटर उतरले होते. आमच्या टाकीत अर्धा सेंटिमीटर म्हणजे सुमारे दीड लिटर पाणी. बाष्पीभवनाचा भाग सोडला तरी संशयाला जागा उरली नाही. टाकी गळत होती.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १२७ लिटर पाणी मावते. काचेचे आणि तळाच्या वाळूचे वजन धरले तर दीडशे किलोंहून अधिक भार त्या स्टँडवर सोळा वर्षे उभा होता. आमच्या शाळेतील विज्ञान शिक्षकांना विचारले, तेव्हा त्यांनी खडूने फळ्यावर गणित मांडून दाखवले. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत समोरच्या एका काचेवर पाणी सुमारे ९५ किलो वजनाच्या जोराने बाहेर रेटत असते. पाणी एक तृतीयांशाने कमी केले, तर हा रेटा निम्म्याहूनही कमी होतो. त्याच संध्याकाळी मी बादलीने पाणी उपसून पातळी एक फुटावर आणली. निर्णय होईपर्यंत तेवढी सवड मिळाली.

निर्णय मात्र सोपा नव्हता. पत्नीचे म्हणणे सरळ होते. "रात्री काच सुटली तर सगळे घर पाण्यात. खाली विजेचे बोर्ड आहेत. नवी आणा आणि मोकळे व्हा." पुण्याहून मुलीने फोनवर तेच सांगितले. "बाबा, सोळा वर्षे टिकली, खूप झाले." त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. तरीही मी म्हणालो, "ती दुरुस्त करू." दोघींनाही त्यामागचे कारण ठाऊक होते, परंतु अर्धेच. उरलेले अर्धे मी कधी कोणाला सांगितले नव्हते.

ही टाकी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेली आहे. त्याचे नाव येथे देत नाही. त्याच्या बरोबरीचे वाचक ओळखतीलच. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास त्यांचा तळ हलला की उन्हाळ्यापर्यंत मुलाचे घर म्हणजे आपले वसतिगृह. २००६ साली तो दहावीला बसला आणि गणित व इंग्रजी या दोन विषयांत नापास झाला. त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागेल, अशी आम्हां सर्वांची आशा होती. एका मुलामुळे ती हुकली. निकालाच्या दिवशी कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात, चार शिक्षक आणि दहा-बारा मुले उभी असताना, मी त्याला म्हणालो, "तू शाळेचे नाव घालवलेस."

त्याने उत्तर दिले नाही. पायांत चप्पल घातली आणि वसतिगृहाकडे निघून गेला.

मी त्या वेळी दहा वर्षांचा अनुभव असलेला शिक्षक होतो. कुळवाडी, बलुतेदार, मजूर, ज्यांची नावे बखरींत येत नाहीत अशा माणसांचा इतिहास शोधला पाहिजे, असे एम. ए.च्या वर्गात शिकून आलेला. आणि टक्केवारीसाठी मी एका मजुराच्या मुलाला सर्वांदेखत त्या वाक्याने उभे चिरले. तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी सायकल काढली आणि त्याच्या वस्तीवर गेलो. येत्या हंगामात त्याला कोयत्यावर नेण्याचे वडिलांनी ठरवले होते. मी त्यांच्याशी बोललो, मुलाला सायकलवर मागे बसवले आणि शहरातील माझ्या ओळखीच्या एका काचेच्या दुकानात नेऊन सोडले. राहण्याची सोय दुकानाच्या माळ्यावर झाली. क्षमा मात्र मी मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागायची असते, हे मला त्या वयात सुचलेच नाही, की सुचूनही जमले नाही, हे आज नक्की सांगता येणार नाही.

२००९ च्या मे महिन्यात दारासमोर एक हातगाडी येऊन थांबली. गाडीवर गोधडीत गुंडाळलेली काचेची टाकी होती आणि शेजारी तो उभा होता. "सर, ही मी एकट्यानं केलेली पहिली टाकी. मालकांनी काच दिली, मजुरी घेतली नाही." त्या दिवसापासून ती टाकी आमच्या घरात आहे. तिच्याकडे पाहताना मला नेहमी वाटे, की त्या मुलाने माझे ते वाक्य पुसून टाकले आहे. गळती लागली तेव्हा मला जी टाकी जपायची होती, ती ही.

टाकीने घराला बरेच काही दिले. रविवारी वसतिगृहातील मुले घरी येत आणि तिच्यासमोर मांडी घालून बसत. तीन गोल्डफिश होते; मुलांनी त्यांची नावे ठेवली आणि दरवर्षीच्या नव्या मुलांनी ती बदलली. पहिल्यांदाच घर सोडून आलेले एखादे पाचवीतले पोर कोणाशी बोलत नसे, परंतु माशाला खाऊ टाकताना त्याच्या तोंडून पहिला शब्द निघे. असे मी अनेकदा पाहिले आहे.

या टाकीने एकदा मला खाली मानही घालायला लावली. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने शहराला पाणी आणावे लागले. आमच्या गल्लीत टँकर येई आणि घागरींची रांग चौकापर्यंत लागे. रांगेतल्या एक वयस्कर बाई एकदा मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या माशायला पाणी पुरतंय का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य लागले. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पाण्याचे मोल आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आणि माझ्या घरात शंभर लिटर पाणी शोभेसाठी साठवलेले होते. मी पातळी निम्म्यावर आणली, माशांचा खाऊ कमी केला, आणि बदललेला प्रत्येक तांब्या कढीपत्त्याच्या व जास्वंदीच्या मुळाशी घातला. मासे जगले. झाडेही जगली. त्या उन्हाळ्यापासून टाकीतले पाणी मोरीत ओतायचे नाही, हा घराचा नियम झाला. तेव्हा रोज दीड लिटर पाणी फरशीवर वाया जाते आहे, हे मला यंदा पाहवेना. दुरुस्ती असो की नवी टाकी, उशीर करून चालणार नव्हते.

माझी पहिली दुरुस्ती फसली, ती येथे नोंदवतो, कारण तीच चूक अनेक जण करतात. नळाच्या गळतीवर लावतात तशी दोन रंगांची लांबी मळून मी गळक्या कोपऱ्यावर बाहेरून थापली. दोन दिवस कागद कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी थापलेल्या थराच्या कडेने पाणी पुन्हा झिरपू लागले. कारण साधे आहे. पाण्याचा रेटा आतून बाहेर असतो. आतून लावलेला थर त्या रेट्याने सांध्यावर अधिक दाबला जातो, तर बाहेरून लावलेला थर त्याच रेट्याने सुटत जातो. मग बाजारातून सिलिकॉनची नळी आणावी आणि आतल्या जुन्या पट्टीवर नवा थर द्यावा, असे मनात आले. सुदैवाने तसे करण्यापूर्वी मी चौकशी केली. वाळून घट्ट झालेल्या जुन्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही. वरवर टाकी बरी दिसते आणि पाणी आतून आपली वाट काढीतच राहते.

हे ऐकताना मला अजिंठा आठवला. आपल्या सहलींत मुलांना लेण्यांतील चित्रे दाखवताना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. सुटणारा गिलावा आणि उडणारे रंग धरून ठेवण्यासाठी चित्रांवर लाखेचे रोगण देण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु पुढे ते रोगण काळवंडले, त्याला तडे गेले, आणि तो थर काढण्याचे किचकट काम नंतरच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. माया आणि घाई यांनी केलेली दुरुस्ती मूळ वस्तूला इजा करू शकते, हे मी वर्गात सांगत होतो आणि घरी लांबी मळीत होतो.

शेवटी त्याला फोन केला. तो आता चाळिशीकडे झुकला आहे. शहराच्या बाहेरील रस्त्यावर त्याचे स्वतःचे काचेचे दुकान आहे आणि हाताखाली चार मुले काम शिकतात. मी म्हणालो, "तुझी टाकी गळते आहे. दुरुस्त करून दे." तो म्हणाला, "सर, रविवारी येतो. तोपर्यंत मासे बाजूला काढा. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका."

या शेवटच्या सूचनेचा अर्थ तेव्हा मला पुरता कळला नव्हता. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाऊतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशांना मारक असतो. स्पंजमध्ये वाढलेले सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते, आणि स्पंज वाळला तरी ते मरतात. म्हणून मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात टाकीचेच पाणी घेतले, त्यात मासे सोडले आणि हवेचा पंप लावून तोच स्पंज तसाच चालू ठेवला. टब लहान असल्याने रोज एक तृतीयांश पाणी बोअरच्या पाण्याने बदलत राहिलो.

रविवारी तो आला. आधी पत्नीच्या हातचा चहा घेतला, मग खिशातून पाणसळ काढून स्टँडवर ठेवली. पाणसळीतला बुडबुडा एका बाजूला सरकला. त्याने स्टँडच्या पायांखाली पाहिले आणि विचारले, "सर, हे कधी हलवलं होतं?" मला आठवले. पाच-सहा वर्षांपूर्वी घराला रंग दिला, तेव्हा टाकी रिकामी करून स्टँड सरकवला होता. पुन्हा मांडताना टाकीखालचा थर्माकोलचा ताव फाटला म्हणून मी टाकून दिला आणि तशीच टाकी लाकडावर ठेवली. एक पाय खचलेल्या फरशीवर आला होता. तो म्हणाला, "तळ सपाट नसला की काच पिळली जाते. ताण सगळा एका कोपऱ्यावर येतो. उद्या नवी टाकी आणून ह्याच स्टँडवर ठेवली, तर ती पण गळंल." म्हणजे टाकी दुरुस्त करावी की बदलावी, हा वाद आम्ही घरात आठवडाभर घालीत होतो, आणि ज्यावर ती उभी होती त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

मग तो टाकीकडे वळला. त्याने मला दोन गोष्टींतला फरक दाखवला. टाकीच्या आतल्या कोपऱ्यांतून फिरलेली सिलिकॉनची पट्टी वेगळी, आणि दोन काचांच्या कडांमध्ये असलेला सिलिकॉनचा पातळ थर वेगळा. पट्टी पाणी अडवते. टाकी उभी राहते ती त्या थरावर. केवळ पट्टी सुटली असेल, तर दुरुस्ती हाच योग्य मार्ग. आतली सगळी पट्टी ब्लेडने खरवडून काढायची, काच अ‍ॅसिटोनने पुसायची, दोन्ही बाजूंना टेप लावून एका दमात नवी पट्टी ओढायची, बोटाने दाबून सारखी करायची आणि ओली असतानाच टेप काढायचा. सिलिकॉन साधे, बुरशीरोधक औषध न मिसळलेले हवे. न्हाणीघरासाठीचे माशांच्या टाकीला चालत नाही. वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो पुरता जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, थांबायचे. मग मासे न सोडता पाणी भरून दोन-तीन दिवस पाहायचे. खर्च दोन-तीनशे रुपये आणि एक सुटीचा दिवस. "एवढ्यावर टाकी फेकून देणारे लोक आहेत, सर. मी त्यांना नवी विकत नाही, दुरुस्त करून देतो."

मला आशा वाटली. तेव्हा त्याने टॉर्च लावून मागच्या डाव्या कोपऱ्यात काचेच्या कडेला धरला. दोन काचांमधल्या थरात चांदीसारखे पांढुरके डाग दिसत होते. ते बोटभर अंतरात सलग झाले होते. "इथं सिलिकॉननं काच सोडलीय. ही पट्टी नाही, हा सांधाच आहे. आणि हे बघा, इथं थर अर्धाच भरलाय. ओढताना माझा हात थांबला होता. त्या वेळी मला काम येत नव्हतं. काच पण सहा एमएमची आहे. दीड फूट उंचीला आज मी आठच्या खाली जात नाही. वर आडवी पट्टी पण दिली नाही मी."

मी विचारले, "सगळ्या काचा सोडवून पुन्हा जोडल्या तर?"

"जोडता येईल. पण कड साफ करायला दोन दिवस, आणि काच सहाचीच राहणार. तुम्ही म्हणाल तर करतो. पण त्यावर विश्वास ठेवून रात्री झोपा, असं मी सांगणार नाही."

मी गप्प बसलो. तो थोडा वेळ टाकीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, खरं सांगू? तुमच्या घरी आलो की मला हिच्याकडं बघवत नाही. माझी चुकलेल्या गणिताची वही तुम्ही सोळा वर्षं सगळ्यांना दाखवताय, असं वाटतं."

हे मला कधीच सुचले नव्हते. ज्या वस्तूत मी त्याची क्षमा पाहत होतो, तीत तो आपली चूक पाहत होता. मी ती जपली ती त्याच्यासाठी नव्हे. माझ्या हातून एक मुलगा वाया गेला नाही, याचा पुरावा म्हणून मला ती समोर हवी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मोठ्या कौतुकाने सांगत असे, की आमच्या नापास विद्यार्थ्याने ही केली. 'नापास' हा शब्द मी त्या कौतुकातूनही कधी गाळला नाही.

मग एकोणीस वर्षे राहिलेले काम मी केले. म्हणालो, "निकालाच्या दिवशी व्हरांड्यात मी तुला जे बोललो, ते बोलायला नको होते. माझी चूक झाली."

त्याने टॉर्च बंद केला. "आठवतंय, सर. पण तुम्ही नंतर सायकलवर बसवून दुकानात नेलं, ते जास्त आठवतं." एवढे बोलून त्याने टेप काढला आणि स्टँडची मापे घ्यायला लागला. मापे तोंडाने पुटपुटत होता: "छत्तीस गुणिले बारा गुणिले अठरा, भागिले एकसष्ट... एकशे सत्तावीस लिटर." घन इंचांना ६१ ने भागले की लिटर निघतात. गणितात नापास झालेल्या मुलाला हा हिशेब कागदाशिवाय येत होता.

निर्णय झाला. नवी टाकी आठ एमएम काचेची, वरच्या कडेला आडव्या पट्ट्या दिलेली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. मी म्हणालो, "पहिली भेट होती. ही तुझ्या धंद्याची वस्तू आहे, मी गिऱ्हाईक आहे." त्याने बिल केले आणि मी ते पूर्ण दिले. स्टँडचा खचलेला पाय त्याने पक्का केला, पाणसळ चारही बाजूंनी लावून पाहिली, वर नवा थर्माकोलचा ताव अंथरला. टाकी त्याच्या दुकानात आठवडाभर वाळली, आमच्या घरी तीन दिवस नुसती पाण्याने भरून राहिली, आणि चौथ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या कोरड्या निघाल्यावर आम्ही वाळू, जुने पाणी आणि तो जुना, काळपट, ओशट स्पंज तीत घातला. मग मासे सोडले. काच नवी, सांधे नवे, बहुतेक पाणीही नवे. परंतु मासे पहिल्या दिवसापासून निवांत फिरू लागले, कारण पाणी जगते ठेवणारी जी गोष्ट होती, ती स्पंजातून आली होती. सोळा वर्षांत टाकीतले जपण्यासारखे जे तयार झाले होते, ते काचेत नव्हतेच. ते डोळ्यांना दिसत नव्हते.

जुन्या टाकीच्या दोन लांब काचा धड होत्या. वसतिगृहातील पुस्तकांच्या कपाटाला सरकत्या काचा नव्हत्या. त्याने त्या कापून, कडा घासून तेथे बसवल्या. मागच्या डाव्या कोपऱ्याचा तेवढा तुकडा त्याने स्वतःसाठी मागून घेतला. "दुकानात ठेवतो. नव्या पोरांना दाखवायला, की असा सांधा ओढायचा नाही." मी शिक्षकी पेशात जवळजवळ तीस वर्षे काढली, स्वतःची चूक हातात घेऊन विद्यार्थ्यांसमोर उभे राहण्याचे शिक्षण मला त्या रविवारी त्याच्याकडून मिळाले.

आज आपल्या शाळेतही नव्या इमारतीची चर्चा चालू आहे. जुन्या वर्गखोल्यांपैकी कोणत्या दुरुस्त कराव्यात आणि कोणत्या पाडाव्यात, यावर सभांमधून मते मांडली जातात, आणि माजी विद्यार्थ्यांची माया जुन्या भिंतींकडे ओढते. मला स्थापत्य कळत नाही. एवढेच सुचवावेसे वाटते, की आधी पाणसळ लावावी, मग पट्टी सुटली आहे की सांधा, हे उजेड धरून पाहावे, आणि ज्याने ती वस्तू बांधली त्याला विचारावे. पट्टीच गेली असेल, तर पाडण्याची घाई करू नये. सांधा गेला असेल, तर आत मुले झोपतात हे लक्षात ठेवून मायेला आवर घालावा. दोन्ही वेळी स्पंज तेवढा वाळू देऊ नये.

संपादक मंडळाने लेखासोबत 'यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी' पाठवण्यासही सांगितले होते. माझ्याकडील यादीत अधिकारी, अभियंते, परिचारिका, प्राध्यापक अशी सत्तेचाळीस नावे होती. ती मी पुन्हा वाचली आणि २००६ च्या तुकडीत एक नाव वाढवले. शिक्षणाच्या रकान्यात 'या शाळेत दहावीपर्यंत' असे लिहिले आणि व्यवसायाच्या रकान्यात 'काचकाम'. ते नाव छापताना गाळू नये, अशी मंडळास माझी नम्र विनंती आहे.